गुरुवारी कडक ऊन

फोनमध्ये मी हवामानाचं एक अ‍ॅप घेतलं, एवढाच माझा गुन्हा. लोक फोनमध्ये काय काय घेतात! कोणी पत्ते खेळतो, कोणी रील बघता बघता घोरायला लागतो, आमचा धाकटा भाऊ तर विकत घ्यायच्या नसलेल्या बोटींचे फोटो बघत बसतो. त्यांना कोणी चकार शब्द बोलत नाही. मी फक्त पुढच्या आठवड्याचं आभाळ बघितलं, तर अख्ख्या आळीनं माझी जी काही शोभा केली ती ऐका आणि तुम्हीच सांगा, हा न्याय आहे का.

मी काळूराम. बोर्ली पंचतनला एका हायस्कुलात क्लार्क आहे, घर खाली समुद्राकडच्या आळीत. आमच्या घराण्यात सगळे दर्यावर गेले. मला होडीत पाय ठेवला की उलटी होते, म्हणून मी नोकरीला लागलो. (हे आमच्या समाजात सांगायची सोय नाही. तुम्हाला आपले म्हणून सांगितलं.) बायको केसर बोर्लीच्या बाजारात मासळी विकते आणि खरं तर घर तीच चालवते. (हेही आपल्यातच राहू द्या.)

सगळी चूक त्या पुण्याच्या पाहुण्याची. मे महिना, शाळेला सुट्टी, ऑफिसात मी आणि पंखा. एक दिवस हरिहरेश्वरला दर्शनाला गेलो, तिथं चहाच्या टपरीवर हा गृहस्थ भेटला. गॉगल, अर्धी चड्डी, वाणी मात्र प्रवचनकाराची. मला म्हणाला, काका, एकच अंदाज बघून कधी विश्वास ठेवू नका, मॉडेलं ताडून बघत जा. मॉडेल म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरात आजची हवा घालायची आणि पुढच्या दिवसांचं गणित काढून घ्यायचं. युरोपचं गणित वेगळं, अमेरिकेचं वेगळं, जर्मनीचं वेगळं, आपलं देशी वेगळं. चौघांचं एकाखाली एक लावून बघायचं, म्हणजे आपल्याला खरं काय ते कळतं. माझ्या फोनमध्ये अ‍ॅपही त्यानंच टाकून दिलं आणि गाडीत बसून पुण्याला निघून गेला. भोगतोय मी.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. थोड्याच दिवसांत चौघांचे स्वभाव मला कळले. युरोपवाला सदा चिंतेत, कुठं एक ढग दिसला की लगेच पूर सांगणार. अमेरिकावाला बेफिकीर, सगळं छान चाललंय म्हणणार. जर्मनवाला सकाळी एक बोलणार आणि संध्याकाळी भलतंच. आणि आपला देशी, 'तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम' असं सांगून मोकळा. तुरळक ठिकाण म्हणजे कोणतं हो? आमची आळी तुरळक आहे की दाट आहे, हे मी कोणाला विचारू?

मी क्लार्क माणूस. समोर चार आकडे आले की बेरीज करून चारानं भागायचं, हे हाताला लागलेलं. मी सरासरी काढायला लागलो. युरोप म्हणे सोमवारी धो धो, अमेरिका म्हणे शुक्रवारपर्यंत थेंब नाही. मी दोघांच्या मधला वार धरला आणि जाहीर केलं की बुधवारी भुरभुर. एकदा तर मी 'आज मध्यम पाऊस' सांगितला आणि बोर्लीत टिपूस पडला नाही, पण म्हसळ्याला रस्त्यावरून नदी वाहिली. आता बोर्लीचा शून्य आणि म्हसळ्याचा ढीगभर, ह्यांची सरासरी काढा. मध्यमच येते की नाही? माझा अंदाज अचूक होता. पण हे आळीत कोणाला पटेल तर शपथ.

हे सगळं एरवी चाललंही असतं. पण ह्या वर्षी प्रश्न सोड्यांचा होता. आमची मुलगी कल्पिता गेल्या डिसेंबरात म्हसळ्याला दिली. आमच्याकडे मुलीच्या लग्नानंतरची पहिली आगोट, म्हणजे पावसाळ्याची साठवण, तिच्या सासरी माहेरातून जाते, आणि तिच्यात मानाचे असतात सोडे. चांगली मोठी कोळंबी सोलून कडकडीत उन्हात वाळवायची, की झाले सोडे. म्हसळा समुद्रापासून आत. आमच्या विहीणबाई सुचिताताई लग्नाच्या पंगतीतच चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या की समुद्राकडची सून केली, आता बघू सोडे कसे येतात. केसरनं ते वाक्य मनाला लावून घेतलं. सोडे खराब गेले, तर कल्पूला जन्मभर ऐकावं लागणार, असं ती मला जेवताना, झोपताना आणि मी दाढी करत असतानाही सांगायची.

तिनं आणि शेजारच्या हुस्नबानूभाभींनी मिळून बंदरावरून एकच मोठी टोपली कोळंबी घेतली, आमच्या ओटीवर बसून दोघींनी सोलली, बोटं सोलून निघाली दोघींची, आणि अर्धी अर्धी वाटून घेतली. भाभींचे सोडे जायचे होते कुवेतला, त्यांच्या मुलाकडे, कैसकडे. आमचे म्हसळ्याला. दोघींच्या टेरेस एकमेकींना लागून. जुनी जाळी अंथरून सोडे पसरले आणि मी आमच्या घराचा हवामान खात्याचा प्रमुख झालो. (नेमणूक माझी मीच केली.)

पहिल्या दिवशी मी पाऊस सांगितला. केसरनं धावत पळत सगळे सोडे खाली आणले आणि दिवसभर असं ऊन पडलं की कावळेही सावलीला बसले. दुसऱ्या खेपेला मी स्वच्छ आकाश सांगितलं, तर भाभींच्या गाद्या भिजल्या. नशीब, सोडे तेव्हा घरात होते. मग हळूहळू केसरनं मला विचारणंच सोडलं. मला वाटलं, विश्वास बसला असेल, आता विचारायचं काय.

मग एका सकाळी मी ओटीवर उभा राहून नेहमीसारखं सांगितलं की आज दुपारनंतर जोरदार सरी. लगेच शेजारच्या घरातून हुस्नबानूभाभी गादी घेऊन बाहेर आल्या आणि उन्हात टाकून गेल्या. मला वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नसेल. मी पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं. तर त्या उशाही घेऊन आल्या. मी अजून मोठ्यानं सांगितलं, विजांसह. तशी पलीकडच्या घरातल्या बायकांनी गोधड्या काढल्या. पाठोपाठ आमच्याच टेरेसवर केसर जाळी पसरताना दिसली, आणि माझ्या डोक्यात जरा प्रकाश पडायला लागला.

भाभींचे मिस्टर नजमुद्दीन म्हणजे माझा लहानपणचा दोस्त. कुवेतला आयुष्यभर एसी दुरुस्त केले, आता घरी बसून बायकोच्या हाताखाली काम करतो. त्याला मी आडवा गेलो, तेव्हा त्यानं सरळच सांगितलं.

"काळूभाई, राग नको मानू, पण तुला अल्लाची देन हाय. तू बोलतोस त्याचं बरोब्बर उलटं होतं. आमच्याकडे सकाळी आधी विचारतात काळूभाई काय बोलला, मग चहा. तू मेहरबानी करून बंद नको करू."

बघा. माणूस चार देशांचे कॉम्प्युटर पालथे घालून यांच्यासाठी डोळे फोडतो आणि हे लोक त्याला उलटा करून वापरतात. मी तडक केसरकडे गेलो आणि विचारलं, तूसुद्धा? ती सुक्या मासळीतल्या वाकट्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काय करू? सोडे कल्पूचे हायत."

मी रुसलो. सरळ सांगतो, रुसलो. अंदाज बंद, बोलणं बंद, ताटातलं अर्धं टाकून उठायचो. (भूक लागायची, पण प्रश्न तत्त्वाचा होता. मग बाजारात जाऊन वडापाव खायचो.) केसर ताट उचलताना एकदा माझ्याकडे बघून गेली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. इथंच चुकलं माझं, पण ते नंतर कळलं.

मग बुधवारी संध्याकाळी फोन उघडला आणि मी उडालोच. चारही मॉडेलं एकच गोष्ट सांगत होती. गुरुवारी दुपारी विजा, वारा आणि मुसळधार. युरोप घाबरलेला होताच, पण बेफिकीर अमेरिकाही घाबरली होती, जर्मननं सकाळचा शब्द संध्याकाळी फिरवला नव्हता, आणि आपल्या देशीनं तुरळक हा शब्दच गाळला होता. अहो, ह्या चौघांचं एवढं एकमत जगात कशावरही होत नाही. पाऊस येणार म्हणजे येणार.

आणि टेरेसवर सोडे. जवळजवळ तयार झालेले, एका शेवटच्या उन्हासाठी थांबलेले.

आता तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन सांगायचं, पाऊस येतोय, सोडे आत घे. तुम्ही आमच्या आळीत राहत नाही म्हणून असं म्हणता. मी पाऊस म्हटलं असतं तर शेजारणींनी गाद्या काढल्या असत्या आणि केसरनं सोडे अगदी कडेला नेऊन पसरले असते. कल्पूचे सोडे वाचवायचे, तर एकच उपाय होता. मी रुसवा सोडून ओटीवर आलो, घसा साफ केला आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल असं सांगितलं की उद्या गुरुवारी कडक ऊन, ढगाचा ठिपका नाही, चारही मॉडेलांचं एकमत आहे, जे काय वाळवायचं असेल ते बिनधास्त बाहेर काढा.

शेजारी लगेच हालचाल झाली. भाभींनी नजमुद्दीनला हाक मारली आणि तो त्यांचे सोडे डब्यात भरायला लागला. माझ्या मनात गुदगुल्या झाल्या. केसर दारात उभी होती. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या 'बरं'चा अर्थ मला कधी लागला नाही. तो कोणत्याच मॉडेलला लागणार नाही.

गुरुवारी शाळेच्या कामासाठी मी श्रीवर्धनला गेलो. परतीच्या एसटीत बसलो तेव्हा समुद्रावरून काळंभोर आभाळ चढत होतं. अर्ध्या रस्त्यात पहिला गडगडाट झाला आणि मग जो कोसळला म्हणता! बसच्या काचा दिसेनाशा झाल्या. माझा आनंद गगनात मावेना. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना सांगितलं, मला कालच ठाऊक होतं. कंडक्टरला सांगितलं. तो म्हणाला, खिडकी लावा. बोर्लीला उतरलो, बाजारात केसरची जागा रिकामी दिसली, म्हटलं पावसामुळे लवकर गेली असेल. हॉटेलातून गरम जिलेबी बांधून घेतली. घरी जाऊन आधी जिलेबी द्यायची, मग सगळा डाव उलगडून सांगायचा, मग ती कौतुकानं बघणार, असा कार्यक्रम मी वाटेतच ठरवला.

केसर ओटीवर बसली होती. केस भिजून कपाळाला चिकटलेले, साडी चिंब. समोर घमेल्यात सोडे. पाण्यानं फुगलेले, लिबलिबीत, वास सुटलेले.

"तू बाहेर टाकलेस?" मी विचारलं.

"तुमीच बोलला ना, कडक ऊन."

"अगं, पण तू माझं कधीपासून ऐकायला लागलीस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "दोन दिस तुमी नीट जेवला न्हाय. म्हटलं, आपलाच माणूस हाय. एकदा ऐकून बघावं. तुमाला बरं वाटंल." मग घमेल्याकडे बघत ती म्हणाली, "डब्यात भरून ठेवलेले पण काढले हो मी. समदेच काढले."

मी तसाच उभा. हातात जिलेबी. तिचं लक्ष पुड्याकडे गेलं. "ही कशापायी?"

"सहज," मी म्हटलं.

आता माझी अवस्था बघा. उभ्या आयुष्यात एकदाच माझा अंदाज खरा ठरला होता. वार बरोबर, वेळ बरोबर, विजासुद्धा बरोबर. आणि ते मी कोणालाही सांगू शकत नव्हतो. गप्प बसलो तर मूर्ख ठरणार, बोललो तर लबाड. संध्याकाळपासून आळीतली माणसं समाचाराला यायला लागली. कोणी पाठीवर हात ठेवून म्हणे, चालायचंच भाऊ, चुकतो अंदाज. कोणी म्हणे, त्यात तुझा काय दोष, तुझं असंच असतं. मी दात आवळून मान हलवत होतो. चुकला नव्हता हो, चुकला नव्हता! पोट फुगून आलं माझं.

केसर रडली नाही, पण जेवलीही नाही, आणि ती बाजारात जाऊन वडापाव खाणारी बाई नव्हे. मला खरंच फार वाईट वाटलं. तेवढ्यात हुस्नबानूभाभी आल्या, डबा घेऊन, आणि केसरसमोर ठेवला. त्यांचे सोडे. लालसर, कडक, वाजणारे. केसर नको नको म्हणाली, कैससाठी केलेत, तो तिकडे वाट बघत असेल.

"कैस पुढच्या वर्षी खाईल," भाभी म्हणाल्या. "टोपली एक, सोलली एका ओटीवर. तुझी माझी कशी झाली? कल्पिता माझी नाय का कोण?"

तेव्हा मात्र केसर रडली. मी आत जाऊन जिलेबी खाल्ली. टाकून कशी देणार?

रविवारी आम्ही डबा घेऊन म्हसळ्याला गेलो. सुचिताताईंनी सोडे हातावर घेतले, वास घेतला, एक मोडून बघितला आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की असे सोडे ह्या घरात आजवर आले नव्हते. कल्पूचा चेहरा फुलला. केसरनं सुटकेचा श्वास सोडला. इथं गप्प बसलो असतो तर सगळं गोडीत मिटलं असतं. पण विहीणबाई माझ्याकडे वळल्या. आईशी फोनवर झालेलं सगळं कल्पूनं त्यांना सांगितलेलं दिसत होतं.

"व्याही, खरे उपकार तुमचे. शेजारणीनं तुम्ही सांगितलं त्याच्या उलट केलं, म्हणून हे सोडे वाचले."

जावई निकेशनं हसू लपवायला फोनमध्ये तोंड घातलं. माझं डोकं सटकलं. मी उभा राहिलो आणि सगळं ओकलो. मला ठाऊक होतं. चारही मॉडेलांनी मुसळधारच सांगितला होता. आळीतले सगळे उलट करणार म्हणून मी मुद्दाम उलट सांगितलं. माझा अंदाज शंभर टक्के बरोबर होता.

मग विहीणबाई अगदी प्रेमानं म्हणाल्या, "पाऊस पडून गेल्यावर सगळ्यांनाच ठाऊक असतं, व्याही." आणि कल्पू, माझी सख्खी मुलगी, म्हणाली, "बाबा, जेवून घ्या. गार होतंय."

परतीच्या एसटीत मी धुमसत बसलो होतो. केसर खिडकीतून बाहेर बघत होती. बोर्ली जवळ आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "ती जिलेबी पाऊस पडला म्हणून आणली होती ना?"

शेवटी कोणीतरी मानलं. मी उत्साहानं म्हटलं, होय, त्याचसाठी, पाऊस पडताना बघून इतका आनंद झाला मला की काय सांगू.

"म्हंजे तुमाला खरंच ठाऊक होतं."

"अगदी खात्रीनं."

मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि कोणी आपल्यावर विश्वास ठेवला नाही तर माणूस किती सुखी असतो ते मला समजलं. उरलेल्या रस्त्यात ती एक शब्द बोलली नाही.

सोमवारी सकाळी आळीला सगळं कळलं होतं. नजमुद्दीन स्वतः आला, आणि उलट तोच रागावलेला.

"काळूभाई, हे बरं नाय केलंस. आधी तू सरळ चुकायचास. उलटं केलं की आमचं काम झालं. आता तू मुद्दाम उलटं बोलणार, मग आम्ही उलट्याचं उलटं करायचं की सुलटं? तुझा भरवसा काय राहिला?"

म्हणजे बघा, आधी निदान उलटा का होईना, मी उपयोगाचा होतो. आता तेही गेलं. मी ओटीवर उभा राहून काहीही बोललो तरी कोणी गादी आत नेत नाही आणि बाहेरही काढत नाही.

त्या दिवशी मी शाळेला निघालो. डोक्यावर ढग होते, पण फोनमध्ये चारही मॉडेलं कडक ऊन सांगत होती. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. चपला घालत होतो तेवढ्यात केसर आतून आली, हातात प्लास्टिकची पिशवी.

"फोन ह्याच्यात घाला," ती म्हणाली. "तुमी भिजलात तर वाळाल. त्यात चार माणसं हायत."

छत्री तिच्या मागं खुंटीला होती. तिनं ती दिली नाही आणि मागायची माझी हिंमत झाली नाही. शाळेत पोचलो तेव्हा मी नखशिखान्त भिजलो होतो. पिशवी उघडून बघितली. चारही मॉडेलं कोरडी ठणठणीत होती, आणि बाहेर कडक ऊन पडलंय यावर चौघांचं अजून एकमत होतं.